कड्यावरून दिसणारी दरी

मुले परदेशी असलेल्या घरांतील ज्येष्ठ मंडळी नवी पेठेतील माझ्या दवाखान्यात येऊन एक प्रश्न हमखास विचारतात : "डॉक्टर, मुले अमेरिकेत ग्रँड कॅनियन पाहायला नेणार म्हणतात. या वयात जावे का?" माझ्या वृद्ध आईसह आम्ही ती दरी पाहिली आहे. माझे उत्तर असे : प्रकृती स्थिर असेल तर अवश्य जावे, मात्र कोठवर जायचे, हे घरीच ठरवावे.

ॲरिझोना राज्यातील ही दरी कोलोरॅडो नदीने सुमारे ५० ते ६० लाख वर्षांत कोरली. तिची लांबी ४४६ किलोमीटर, तर खोली सुमारे दीड किलोमीटर. १९१९ साली तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. दक्षिण कड्यावर फरसबंद पायवाट, बाके आणि विनामूल्य बस आहेत. त्या वाटेच्या एका भागात प्रत्येक मीटर म्हणजे दहा लाख वर्षे, असा काळाचा पट मांडला आहे. त्या मापाने पंचाहत्तर वर्षांचे आयुष्य केसाच्या जाडीएवढे भरते! गुडघ्यांमुळे फार न चालणारी आई बाकावर बसून दोन तास ते तांबूस थर न्याहाळत होती.

आता प्रकृतीविषयी. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंच आहे. दक्षिण कडा सुमारे सात हजार फूट. तेथे हवा विरळ असल्याने थोड्या चालण्यानेही दम लागतो. म्हणून पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा. हृदयविकार, दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असल्यास निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. छातीत दुखले वा बसूनही दम लागला, तर त्वरित वैद्यकीय मदत घ्यावी.

दुसरी गोष्ट पाण्याची. वारंवार लघवीला जावे लागेल या संकोचाने अनेक ज्येष्ठ प्रवासात पाणीच टाळतात. वयोमानाने तहान मंदावलेली असते. त्यात कोरडी हवा आणि लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या. अशा वेळी चक्कर येऊन पडण्याचा धोका वाढतो, आणि कड्यावर अनेक ठिकाणी कठडा नाही! थोडे थोडे पाणी पीत राहावे. पाण्यावर बंधन असलेल्यांनी मात्र प्रमाण विचारून घ्यावे. गोळ्या मनाने बंद करू नयेत. औषधे व त्यांची चिठ्ठी हातातील पिशवीत ठेवावी. मधुमेहींनी जवळ खाऊ ठेवावा. सोलापुरी कडक भाकरी प्रवासात उत्तम टिकते.

दरीत उतरण्याचा मोह टाळावा. उतरताना शरीर ताजे असते. चढण येते ती थकल्यावर. शिवाय उन्हाळ्यात तळाशी पारा चाळिशीपार जातो, आपल्या मे महिन्यासारखाच.

सोबतच्या तरुणांना विनंती : एकाने सतत आईवडिलांजवळ थांबावे. छायाचित्रासाठी त्यांना मागे सरकायला सांगू नये. स्वच्छतागृह कोठे आहे, हे आधी पाहून त्यांना सांगावे. मग ते निर्धास्तपणे पाणी पितील. आणि ते बाकावरच बसून राहिले, तर "काहीच पाहिले नाही" असे म्हणू नये. त्या बाकावरूनही दरी पुरेपूर दिसते.