बाटली फुटली, पण कशानं?

दिवाळीच्या आठवड्यात पुण्याकडून साताऱ्याकडे निघालेल्या गाड्या खंबाटकीला लागल्या, की आम्हा गॅरेजवाल्यांचा हंगाम सुरू होतो. एरवी घर ते ऑफिस एवढीच धाव असलेली गाडी. आत पाच माणसं, डिकीत फराळाचे डबे, एसी चालू आणि समोर चढ. काटा लालकडे सरकतो, खालून पाणी ठिबकतं. बॉनेट उघडलं तर कोपऱ्यातली कूलंटची बाटली, जी कधीकाळी पांढरी होती आणि आता पिवळीजर्द झालीय, जोडावरून पाझरत असते.

ही बाटली घरी बदलता येते. पक्कड, १० चा पाना, एक पसरट ट्रे आणि मोकळी सकाळ एवढं भांडवल पुरतं. गिऱ्हाइकाला मी हे उघड सांगतो, तेव्हा हाताखालची पोरं माझ्याकडे डोळे वटारून बघतात. पण दुकानात जाऊन बाटली आणण्याआधी जुनी कशानं फुटली ते बघायला हवं. त्यासाठी थांबायची मात्र कुणाची तयारी नसते.

मुळात या बाटल्या दोन तऱ्हेच्या. मारुती ८०० सारख्या गाडीत दाबाचं झाकण रेडिएटरवर असतं. कूलंट तापून फुगलं की जास्तीचं बाटलीत येतं आणि गार झालं की परत ओढलं जातं. त्या बाटलीला दाब सोसावा लागत नाही. तडकली तरी गाडी लगेच मान टाकत नाही. पोलोसारख्या गाडीत झाकण बाटलीवरच असतं, म्हणजे बाटली सतत दाबाखाली. ५ लिटर कूलंट गार असताना जेवढं असतं, त्यापेक्षा ९० अंशांना पाव लिटरच्या आसपास वाढतं. ती वाढ बाटलीतल्या मोकळ्या जागेत मावते आणि तिथली हवा दाबली जाते. झाकणावर १.१ असा आकडा छापलेला असेल, तर तेवढे बार दाब होईपर्यंत ते तोंड उघडत नाही. या दाबात साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. महाबळेश्वरला उघड्या पातेल्यात तेच पाणी ९५-९६ ला उकळतं. त्यामुळे गळतीत कूलंट जातं हा अर्धाच तोटा. दाबही जातो, आणि उरलेलं कूलंट लवकर उकळायला लागतं. म्हणून ‘घोटभर पाणी टाकत टाकत कोल्हापूर गाठू’ हा हिशेब घाटात चुकतो.

आता कारण. बाटली दोन अर्धुकं गरम करून चिकटवलेली असते. वर्षानुवर्षं ताप आणि दाब सोसून प्लास्टिक ठिसूळ होतं आणि त्या जोडावर किंवा पाइपच्या नळीपाशी केसासारखी चीर जाते. चिरेशी वाळलेल्या कूलंटची गुलाबी-पांढरी पापडी दिसते. ओल शोधण्यापेक्षा ती शोधा. जुन्या गाडीत हे वयाचं दुखणं, त्यात नवल नाही. पण बाटली नवीन असेल, किंवा बदललेली पुन्हा फुटली असेल, तर संशय झाकणावर घ्या. त्यात दोन व्हॉल्व्ह असतात: एक दाब सोडणारा, दुसरा इंजिन गार होताना आत हवा घेणारा. पहिला अडकला की बाटली फुटते. दुसरा अडकला की वरचा होज पाइप सकाळी चपटा झालेला आढळतो. जुनंच झाकण नव्या बाटलीवर बसवणाऱ्याला मी कंजूष म्हणतो, तोंडावर.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. रात्री लावलेली गाडी सकाळी उघडणं उत्तम. गरम गाडीचं झाकण फिरवलं तर उकळतं कूलंट थेट तोंडावर येतं, आणि असे भाजलेले हात मी पाहिले आहेत. मोठ्या सिरिंजनं बाटलीतलं कूलंट काढून घ्या. होजवरची स्प्रिंगची क्लिप पक्कडीनं दाबून मागे सरकवा. होज नळीला चिकटलेला असतो. स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायचा नाही, हातानं पिळून सुटा करायचा. खाली लेव्हल सेन्सरची वायर असेल तर तिचा खटका दाबून काढा. बोल्ट सोडा, बाटली रबराच्या बुशातून वर उचला. नवी बसवताना त्याच स्प्रिंगच्या क्लिपा वापरा. स्क्रूची क्लिप जास्त मजबूत दिसते म्हणून लोक ती घालतात आणि करकचून आवळून नवी नळीच चिरतात.

कूलंट पन्नास-पन्नास मिसळलेलं तयार मिळतं, तेच घ्या. बोअरचं पाणी नको, त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. रंग जुळला म्हणजे जात जुळली असं नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच आणा. काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि मांजराचा जीव जायला चमचाभर पुरतं. डब्यात भरून गॅरेजवर द्या.

यानंतरचं काम लोक घाईनं उरकतात, ते म्हणजे हवा काढणं. बाटली कमाल खुणेपर्यंत भरा, गाडीचा हीटर पूर्ण गरमवर करा, हवा सोडायचा स्क्रू असेल तर तो किंचित सैल करा आणि तिथून बुडबुड्यांशिवाय कूलंट आलं की आवळा. मग झाकण लावून इंजिन चालू ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज गरम होतो, त्यानंतर पंखा सुरू होऊन बंद होतो. त्या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय काम संपलं असं समजू नका. हीटरमधून गार वारा आला तर आत हवा अडकली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी थोडी उतरलेली असेल, एकदा भरून घ्या. पण खाली थेंब नसताना ती रोज उतरत असेल, किंवा थंड इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात होज दगडासारखा टणक होत असेल, तर गाडी आमच्याकडे आणा. बाटलीच्या तोंडावर आम्ही निळ्या द्रवाची नळी धरतो. इंजिनमधला जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल, तर तो द्रव पिवळा पडतो. तसं झालं तर बाटलीचा दोष नाही, हेड गॅस्केट गेलंय. ते काम मात्र घरी करू नका.