पागोळीखालचा चिखल

पावसाळा तोंडावर आला की मला भोर तालुक्यातल्या हिर्डोशी खोऱ्यातील एक परसदार आठवते. साल 2011. भाताची लावणी पाहावयास गेलो होतो. कोंबड्या हा खरे तर पशुसंवर्धन खात्याचा विषय. पण वाडीवर आलेल्या साहेबाला खाते कोण विचारतो? एका मावशींनी मला मागीलदारी नेले. बचतगटाचे कर्ज काढून त्यांनी गिरिराजची पंचवीस पिल्ले आणली होती. महिन्याची झाली होती. जाळीच्या आत घोटाभर राडा, पिल्लांच्या पायांना चिखलाचे गोळे.

"सायेब, याला काय करू?"

छत्रीही न मिटता मी सांगून टाकले, "भाताचा पेंढा जाड पसरा, मावशी. चिखल दबेल."

त्यांनी गुरांच्या तोंडचा पेंढा काढून पसरला.

आठ दिवसांनी निरोप आला. पेंढा वरून बरा दिसत होता, काठीने उचकटला तर खाली ऊब आणि कुबट वास. पिल्ले पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभी. विष्ठेत रक्त. अकरा मेली होती. पशुवैद्यक डॉक्टरांनी पाहताच रक्ती हगवण ओळखली व पाण्यातून द्यायचे औषध दिले. तरीही आणखी तीन गेली. या रोगाची सूक्ष्म बीजे विष्ठेतून पडतात आणि ओल व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत बाधा करण्याजोगी होतात. पिल्ले तीच जमीन टोचतात. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना त्याचा धोका फार. ओल तिथे होतीच. वरून पांघरूण घालून तिला ऊब देण्याचे काम बी.एस्सी. झालेल्या माणसाने केले होते.

मावशी एका शब्दाने बोलल्या नाहीत. ते अधिक लागले. ओटीवर बसलेल्या त्यांच्या सासूबाई मात्र म्हणाल्या, "पोरा, पानी कुठनं येतंय ते कुनी बघितलंच न्हाई."

मग मी भर पावसात परसात उभा राहिलो. घराच्या मागल्या पाख्याची सारी पागोळी थेट जाळीच्या आत पडत होती. शिवाय वरच्या खाचराचे पाणी बांध झिरपून तिकडेच उतरत होते. मी दोन्ही वेळा उघडीप पाहून आलो होतो, मला ते दिसणार कसे?

दुसऱ्या दिवशी मावशींच्या मुलाने मेसाचा बांबू चिरून पाख्याखाली पन्हळ बांधली. वरच्या अंगाला वीतभर खोल चर काढला. सडका पेंढा व चिखल कठीण जमीन लागेपर्यंत खरवडून उकिरड्यात टाकला, त्यावर विटांचे तुकडे आणि वर उतार देऊन मुरूम. हा क्रम चुकवू नये. पाणी वळवण्याआधी मुरूम टाकला तर तोही चिखलात जातो आणि गाडीभाडे वाया. निजायचे खुराडे जमिनीपासून दोन फूट वर घेतले, आत भाताचे तूस. ते दर दोन दिवसांनी उलथायचे, मुठीत दाबून ढेकूळ झाले तर बदलायचे. पाण्याचे भांडे दगडावर ठेवले, कारण बराच ओलावा कोंबड्याच सांडतात.

मेलेल्या पिल्लांचे पैसे मी देऊ केले. मावशींनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "पैसं ऱ्हाऊ द्या. म्होरल्या साली पाऊस लागला की पन्हळ बघायला या." गेलो. बांबू एका जागी फुटला होता, तो बदलावा लागला.