काढलं, पण पुसलं नाही

डेबियन किंवा उबुंटू या लिनक्स प्रणालींवरून एखादं सॉफ्टवेअर काढायचं तर दोन आज्ञा आहेत: रिमूव्ह आणि पर्ज. रिमूव्हने प्रोग्राम जातो, पण 'इटीसी' फोल्डरमधल्या त्याच्या कॉन्फिगरेशन फाइल्स जागच्या जागी राहतात. पर्ज त्याही नेतो. संगणक लख्ख ठेवण्याच्या हौसेपायी पुष्कळ जण सरसकट पर्जच करतात. मला मात्र रिमूव्हमागचा विचार फार मोलाचा वाटतो.

प्रोग्राम काय, पुन्हा उतरवून घेता येतो. तो सगळ्यांकडे सारखाच. कॉन्फिगरेशनची फाइल मात्र ज्याची त्याची असते. पोर्टचा आकडा बदललेला, चार ओळींपुढे हॅश लावून त्या बंद केलेल्या, आणि वर स्वतःसाठीच टीप: 'ही ओळ काढू नये, प्रिंटर थांबतो.' एवढं कळायला कुणाची तरी अख्खी रात्र गेलेली असते. ती मेहनत कुठल्याही सर्व्हरवरून डाउनलोड होत नाही. डेबियनच्या धोरणात तसा नियमच आहे: वापरणाऱ्याने केलेले बदल अपग्रेडमध्ये टिकले पाहिजेत, आणि पर्ज म्हटल्याशिवाय या फाइल्स पुसायच्या नाहीत. इयन मरडॉक यांनी १९९३ साली सुरू केलेल्या या प्रकल्पाने माणसाच्या कामाचा असा मान ठेवला, हे मला त्याचं मोठं देणं वाटतं.

सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या डीपीकेजी या प्रोग्रामकडून यादी काढली की नांदत्या पॅकेजपुढे 'आयआय' दिसतं, काढलेल्यापुढे 'आरसी'. आर म्हणजे काढलं, सी म्हणजे कॉन्फिगरेशन शिल्लक. जुन्या सर्व्हरवर या आरसीच्या ओळी सावकाश वाचाव्यात. बिऱ्हाड हललं तरी भिंतीत खिळे राहतात, तशा त्या असतात: कधीकाळचा मेल सर्व्हर, गुंडाळलेल्या कामासाठी आणलेला डेटाबेस, आणि एकामागून एक लिनक्सचे जुने कर्नल. कर्नलच्या ओळी खुशाल पर्ज कराव्यात. बाकीच्यांच्या फाइल्स आधी उघडून पाहाव्यात, इटीसीची एक प्रत बाजूला ठेवावी, मग हात घालावा. मायएसक्यूएलसारखं डेटाबेसचं पॅकेज पर्ज करताना डेटाही पुसायचा का, असं विचारतं. तिथे सवयीने एंटर दाबू नये.

आणि पर्जसुद्धा होम फोल्डरच्या उंबऱ्याबाहेरच थांबतो. तिथल्या टिंबाने सुरू होणाऱ्या फाइल्स आणि फोल्डर एरवी दिसत नाहीत. हल्ली बरेच प्रोग्राम आपापला पसारा '.कॉन्फिग' आणि '.कॅश' यांत ठेवतात. कॅश निर्धास्त रिकामी करावी, ती पुन्हा भरते. थंडरबर्ड या मेल प्रोग्रामचं टिंबवालं फोल्डर मात्र नुसत्या सेटिंगचं समजू नये. त्यात पत्रं असतात. पॉप या पद्धतीने उतरवलेली पत्रं मेल सर्व्हरवरून बहुधा केव्हाच गेलेली असतात, आणि मग त्यांची तेवढीच एक प्रत उरते.