चाललें आहे तोंवर

चालती वस्तु बदलण्यास माझें मन सहसा धजत नाहीं. आमच्या स्वयंपाकघरांत पाटा-वरवंटा अजून जागा अडवून बसला आहे, आणि कोणी त्याच्या निवृत्तीची भाषा काढली कीं मीच त्याचें वकीलपत्र घेतों. सरकारी कचेऱ्या संगणकांतील जुनें सॉफ्टवेअर सोडीत नाहींत, असें ऐकून मला म्हणूनच हंसूं येत नाहीं. चालत्या कामांत विघ्न आलें तर जाब कारकुनाला द्यावा लागतो. नव्या आवृत्तीची जाहिरात करणाऱ्याला नव्हे!

इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांची हकीकत मात्र या वकिलीच्या आड येते. विंडोज एक्सपी या जुन्या प्रणालीची निगा राखणें मायक्रोसॉफ्टनें ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबविलें. ब्रिटिश सरकारनें ५५ लाख पौंड मोजून एका वर्षाची मुदत विकत घेतली, आणि तेवढ्या अवधींत जुनी प्रणाली सोडण्याची तयारी करा, असें रुग्णालयांना बजावलें. बजावणें सोपें होतें. शरीराच्या आंतील चित्रें घेणाऱ्या कित्येक अवजड यंत्रांच्या पोटांतच ती एक्सपी बसविलेली. यंत्र पुरविणाऱ्यावांचून तिला हात कोण लावणार?

१२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा खंडणीखोर विषाणु या संगणकांत शिरला. इंग्लंडांतील रुग्णालय-न्यासांपैकीं एक तृतीयांशाहून अधिकांना त्याची झळ लागली. पांच भागांतील रोग्यांना तांतडीच्या उपचारासाठीं दूरचें रुग्णालय गांठावें लागलें. रोग्यांच्या १९,००० वर भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा अंदाज तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानें मागाहून दिला. गंमत—गंमत कसली!—ही कीं, बाधा झालेले बहुतेक संगणक एक्सपीचे नव्हतेच. ते नंतरच्या विंडोज सेव्हनचे होते. त्यांतील छिद्र बुजविणारें ठिगळ मायक्रोसॉफ्टनें मार्चमध्येंच दिलें होतें, आणि तें लावा असे इशारेही मार्च-एप्रिलांत गेले होते.

ठिगळ लावण्यास नवी खरेदी नको, निविदा नको, उद्घाटनाचा समारंभ नको. मला वाटतें, नेमकें म्हणूनच तें राहून गेलें. नवें घ्यावें कीं जुनें ठेवावें, यावर समित्या बसतात, टिपणांवर टिपणें चढतात. शस्त्रक्रियेच्या तारखेसाठीं महिनोन् महिने वाट पाहून त्या दिवशीं परत गेलेल्या माणसाला मात्र आपल्या रुग्णालयांत कोणती आवृत्ति होती, हें कोणी सांगितलेंही नसेल.