नांगर कोठें टाकावा?

नाशिककरांचें पाण्याशीं नातें जन्मापासूनचें असलें, तरी तें काठावरचें आहे. रामकुंडावर स्नान करावें, पुराच्या दिवसांत दुतोंड्या मारुतीच्या कमरेस पाणी लागलें कीं छातीस, याची चौकशी करावी आणि घरीं यावें. यापलीकडे गोदावरीनें आम्हांस कधीं कोठें नेलें नाहीं. वास्तविक गोदावरीच्या उगमापासून अरबी समुद्र अवघा ८० किलोमीटर; परंतु आमची नदी त्याच्याकडे पाठ फिरवून १,४६५ किलोमीटर चालते आणि बंगालच्या उपसागरास मिळते. त्याच त्र्यंबकच्या डोंगरांत उगम पावलेली वैतरणा मात्र पश्चिमेची वाट धरते. गेल्या हिवाळ्यांत आमच्या घरच्या मंडळींनींही एकदां पश्चिमेची वाट धरावी असें ठरविलें. आणि तीहि काठावरून नव्हे, तर पाण्यावरून.

कल्पना मूळची आमच्या पुतणीची. भारतीय नौदलाच्या सहा स्त्री-अधिकारी ‘तारिणी’ नांवाच्या शिडाच्या नौकेंतून १० सप्टेंबर २०१७ रोजीं गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून २१ मे २०१८ रोजीं गोव्यासच परत आल्या, ही हकीगत तिला तोंडपाठ आहे. तिचें म्हणणें असें कीं, जगाची प्रदक्षिणा राहूं द्या, निदान आपल्या किनाऱ्यावर तरी दोन दिवस शिडाच्या होडींत काढूं; गर्दीच्या पुळणी नकोत, उपाहारगृहें नकोत; पक्षी, झाडें आणि निवांत पाणी एवढेंच पाहूं. थोरल्या बंधूंस ही गोष्ट पसंत पडली. नकाशा उघडला गेला. दाभोळच्या खाडीतून बाहेर पडावें, किनाऱ्याकिनाऱ्यानें दक्षिणेस जयगडपर्यंत जावें आणि वाटेंत एखाद्या निर्जन ठिकाणीं रात्र काढावी, असा बेत तासाभरांत तयार झाला. नकाशावर तें अंतर दोन बोटांचें दिसत होतें.

बेत आजींच्या कानावर घालणें प्राप्त होतें. आजींचें वय आतां ८६. माहेर गुहागर, त्यामुळें घरांत समुद्र ठाऊक असलेल्या त्या एकट्याच. परंतु समुद्राचें नांव निघालें कीं त्या गप्प होतात. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट वाटेंत बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं, तेव्हां आजी परकऱ्या वयाच्या होत्या. त्यांच्या घरचें कोणी त्या बोटीवर नव्हतें. परंतु बातमी गुहागरास पोंचली त्या दिवसापासून त्यांच्या वडिलांनीं घरच्या कोणासही आगबोटीनें जाऊं दिलें नाहीं. लग्न होऊन त्या नाशकास आल्या त्याहि घाटरस्त्यानेंच.

पुतणीनें ‘तारिणी’ची हकीगत मोठ्या उत्साहानें सांगितली. आजींनीं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “त्यांना शिकवलं होतं. तुम्हांला कोणी शिकवलंय?” मग त्यांनीं नकाशा जवळ ओढला आणि तीन प्रश्न विचारले. वारा फिरला तर मागें कुठें वळणार? रात्रीं नांगर कुठें टाकणार? आणि ओहोटीला तिथें पाणी किती उरतं?

आम्हां सात शहाण्या माणसांपैकीं एकासही यांतील एका प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं.

येथून आमची खरी आखणी सुरू झाली. आजवर आम्ही कोठें जावें याचाच विचार करीत होतों. आतां कोठें थांबावें आणि कोठून परतावें, हें आधीं पाहूं लागलों. असें पाहूं लागतांच जयगड आपोआप गळालें. खाडीच्या मुखाबाहेर उघडा समुद्र. दुपारचा वारा वाढला तर नवख्या माणसांस आसरा नाहीं. उलट खाडीच्या आंत दोन्हीं बाजूंस डोंगर, लाट थोडी, आणि कोठूनहि एका तासाच्या आंत एखादा धक्का गांठतां येतो. दाभोळची खाडी म्हणजे वाशिष्ठी नदीचेंच मुख. सह्याद्रींतून उतरून चिपळुणावरून ती येथें समुद्रास मिळते. कोयनेच्या वीजगृहांतून सोडलेलें पाणीहि तिच्यांतच येत असल्यामुळें ती उन्हाळ्यांतहि आटत नाहीं. आम्हीं समुद्र सोडून ही खाडी पत्करली.

दुसरी गोष्ट काळाची. पावसाळ्यांत हा किनारा नवख्यांस वर्ज्यच. १ जून ते ३१ जुलै यंत्राच्या होड्यांनीं मासेमारी करण्यासहि सरकारी बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेस नारळ वाहिल्यावांचून कोळी बांधव दर्यावर जात नाहींत. हिवाळ्यांत मात्र वाऱ्याची पाळी ठरलेली असते. दुपारीं जमीन तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घेण्यास समुद्रावरून खारा वारा येतो. रात्रीं जमीन पाण्याहून लवकर निवते, आणि पहाटेस जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहूं लागतो. म्हणजे दुपारीं खाडींत शिरावें व सकाळीं बाहेर यावें, अशी सृष्टीनेंच सोय करून ठेविली आहे.

भरती-ओहोटीचा हिशेब आजींनीं शिकविला. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अदमासें निघते. अष्टमीची पाऊणपट सहा. तेव्हां त्या दिवशीं भरती सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पुरी व्हावयाची, आणि पाणी दुपारीं व मध्यरात्रीं बाराच्या सुमारास सर्वांत खालीं जावयाचें. शिवाय अमावास्या-पौर्णिमेस सूर्य व चंद्र एकाच रेषेंत ओढतात म्हणून उधाण येतें. अष्टमीस त्यांची ओढ काटकोनांत पडते, म्हणून भांगाची, सौम्य भरती असते व प्रवाहाचा जोरहि कमी असतो. पंचांग आमच्या घरीं रोज उघडतें. परंतु तें मुहूर्ताखेरीज पाण्याविषयींहि बोलतें, हें आम्हांस आजवर ठाऊक नव्हतें. माघ शुद्ध अष्टमी हा दिवस नक्की झाला. बारा वाजतां ओहोटी संपून पाणी आंत वळेल, थोड्या वेळानें खारा वाराहि पाठीशीं येईल. दुसरे दिवशीं ओहोटी आणि मतलई वारा दोघे मिळून आम्हांस परत आणतील.

तिसरी गोष्ट होडीची. यंत्र आल्यापासून कोंकणांतील होड्यांवरून शीड जवळजवळ गेलेंच. मुंबईस गेटवेपासून शिडाच्या नौका कांहीं तासांकरितां भाड्यानें मिळतात. परंतु आम्हांस रात्र पाण्यावर काढावयाची होती. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर एक वृद्ध तांडेल मिळाले, ज्यांनीं यंत्राबरोबर जुनी डोलकाठी व शीडहि जपून ठेविलें होतें. मासेमारीच्या होडीस उतारू नेण्याचा परवाना असतोच असें नाहीं. म्हणून परवाना, माणशीं एक तरंगतें जाकीट, रात्रीं लावावयाचा पांढरा दिवा आणि प्रातर्विधीची सोय, या चार गोष्टी आम्हीं भाड्याच्या आधीं विचारल्या. वाचकांपैकीं कोणी असा बेत करतील तर त्यांनींहि हाच क्रम ठेवावा.

घरून निघण्यापूर्वीं दोन रंगीत तालमी केल्या. एके रविवारीं गंगापूर धरणाच्या जलाशयांत अर्धा दिवस नावेंत काढला. हें मातीचें धरण १९६५ सालीं पुरें झालें. नाशिकचें पिण्याचें पाणी येथूनच येतें. तेथें कोणास मळमळतें, जाकीट घालून कोण कुरकुरतें आणि नावेंत उभें राहण्याची खोड कोणास आहे, हें सारें कळून आलें. शेवटची खोड खुद्द आम्हांसच निघाली. दुसरी तालीम मौनाची. निफाड तालुक्यांत गोदावरी व कादवा यांच्या संगमाशीं नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा आहे. त्यामागें सांचलेल्या गाळानें बेटें झालीं, पाणवनस्पती माजल्या आणि हिवाळ्यांत दूरदेशींचे पक्षी उतरूं लागले. २०२० सालीं रामसर यादींत गेलेली ही महाराष्ट्रांतील पहिली पाणथळ जागा. तेथील मनोऱ्यावर मुलांनीं एक तास न बोलतां बसावें, अशी पैज लावली होती. चिरंजीवांनीं ती जिंकली. थोरले बंधू हरले.

षष्ठीस कुंभार्ली घाट उतरून आम्ही गुहागरास पोंचलों. रथसप्तमी आजींच्या माहेरीं झाली. आजी व धाकट्या वहिनी तेथेंच राहणार होत्या. अष्टमीस सकाळीं त्या आम्हांस पोंचविण्याकरितां धोपाव्याच्या धक्क्यापर्यंत आल्या. होडींत बसल्यावर आजींनीं बोटानें एकेकास मोजलें, “सात,” असें स्वतःशींच म्हणाल्या, आणि धक्क्यापासून दूर, वडाच्या सावलींत जाऊन बसल्या.

पाणी वळल्यावर होडी सुटली. तासभर यंत्र चाललें; मग खारा वारा सुरू झाला, आणि तांडेलांनीं यंत्र बंद करून शीड चढविलें. त्या क्षणाकरितांच एवढी खटपट केली होती असें म्हटलें तरी चालेल. यंत्राचा आवाज थांबतांच प्रथम कानांस कांहींच ऐकूं येईना. मग होडीच्या पोटाखालून सरकणारें पाणी ऐकूं आलें, आणि मग काठावरचे पक्षी. दोन्हीं तीरांवर कांदळाचीं दाट बनें होतीं. त्यांच्या उघड्या पडलेल्या मुळांत बगळे टपून बसले होते, खंड्या निळ्या रेघेसारखा समोरून जात होता, आणि उंच आभाळांत पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड एकच घिरटी पुनःपुन्हां घालीत होता. नांदूरच्या तालमीचा उपयोग झाला. अर्धा तास कोणी बोललें नाहीं.

पांचच्या सुमारास आमची निवडलेली जागा आली. मुख्य प्रवाहांतून आंत गेलेला तो एक अरुंद फांटा होता. तिन्हीं बाजूंस कांदळ, मनुष्यवस्ती नाहीं. नकाशांत पाहूनच आम्हीं तो हेरून ठेविला होता, आणि आतां भरतीच्या पाण्यानें भरलेला तो प्रत्यक्षांत अधिकच सुंदर दिसत होता. तांडेलांनीं मान हलविली. म्हणाले, “आतां पाणी दिसतंय तें पाहुणं आहे. मध्यरात्रीं इथं नुसता चिखल. होडी कलंडून बसेल, आणि पहाटेपर्यंत कोणी आलं-गेलं तर आपण हलूं शकणार नाहीं. डांस असतील तें निराळंच.” आजींचा तिसरा प्रश्न! तोच आम्ही नेमका विसरलों होतों. चिरंजीव म्हणाले, आणखी वर जाऊं. तिकडे मगरी आहेत. चिपळुणाच्या बाजूस मगरी आहेत हें खरें. परंतु उजेड तासाभराचा उरला होता. तांडेलांनीं होडी मागें वळविली आणि अर्ध्या मैलावर, डोंगराच्या आडोशास, मुख्य पात्राच्या कडेस नांगर टाकला. तळ चिखलाचा, म्हणून नांगर पक्का धरणारा. ओहोटींतहि पुरेसें पाणी. आणि पलीकडच्या तीरावर एका वाडीचे चार दिवे. निर्जन जागेची आमची हौस त्या चार दिव्यांनीं थोडी खट्टू झाली, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु रात्र झाली, मेतकूट-भात झाला, डोलकाठीवर दिवा लागला, आणि तेच दिवे आम्हांस प्रिय वाटूं लागले. अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळला. त्याच वेळीं पाणी सर्वांत खालीं गेलें होतें. दूरवर ओल्या चिखलाचा वास येत होता आणि आमचा तो सुंदर फांटा खरोखरीच नाहींसा झाला होता. आम्ही जागेच होतों. शांतता म्हणजे जेथें कोणी नाहीं अशी जागा, ही आमची समजूत त्या रात्रीं गेली. जेथें नांगर धरतो, खालीं पाणी आहे आणि हांक मारल्यास ऐकणारें कोणी आहे, तेथेंच मनुष्य निर्धास्तपणें गप्प बसूं शकतो. आणि गप्प बसल्यावांचून पक्षी जवळ येत नाहींत.

नवमीस सातच्या सुमारास पाणी उतरूं लागलें. आमच्या पाऊणपटीच्या हिशेबापेक्षां थोडा उशीर झाला, कारण, तांडेलांनीं सांगितलें, तो हिशेब बंदराच्या मुखाचा. आंतवर पाणी मागाहून पोंचतें. थंड मतलई वाऱ्यानें शीड भरलें. दहा वाजण्याच्या आंत धोपाव्याचा धक्का दिसला.

आजी या खेपेस वडाखालीं नव्हत्या. धक्क्याच्या अगदीं टोंकाशीं, पाण्याजवळ, वहिनींचा हात धरून उभ्या होत्या. होडी लागण्यापूर्वींच त्यांनीं बोटानें मोजण्यास आरंभ केला. सात झाल्यावर हात खालीं आला. मग त्यांनीं तांडेलांस विचारलें, “नांगर कुठें टाकलात?” तांडेलांनीं जागा सांगितली. “तिथें पाणी असतं,” आजी म्हणाल्या, आणि होडीच्या कांठावर हात ठेवून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

परततांना घाट चढतांना त्यांनीं एकदांच तो विषय काढला. पुढच्या माघांत अष्टमी कोणत्या वारीं येते, एवढें पंचांगांत पाहून ठेवावें, अशी त्यांची सूचना होती. आणि होडींत आठ जाकिटें आहेत कीं सातच, हेंहि त्यांनीं विचारून घेण्यास सांगितलें.