वरून सुटलेलें पाणी

पावसाळ्यांत शहाण्या माणसानें घराबाहेर पडूं नये, असें माझें मत आहे. खिडकीपाशीं खुर्ची, हातांत चहाचा पेला आणि रस्त्यावर दुसऱ्या कोणाची तरी छत्री उलटी होत असलेली, हें पावसाळ्याचें खरें सुख! पण आमच्या कन्यकेला हें तत्त्वज्ञान मान्य नाहीं. गेल्या जूनमध्यें मृगाची पहिली सर येऊन चार दिवस झाले नसतील तोंच तिनें मला कोलाडजवळच्या रानांतील एका विश्रामगृहांत नेऊन टाकलें. कुंडलिका नदीच्या प्रवाहांतून रबरी तराफ्यावर बसून दहाबारा किलोमीटर जायचें, असा तिचा बेत होता. मला पोहतां येत नाहीं, याची मीं तिला आठवण करून दिली. "म्हणूनच तर जॅकेट घालतात, बाबा," ती म्हणाली. मुलें मोठीं झालीं म्हणजे आपणच शिकविलेलें तर्कशास्त्र आपल्यावर उलटतें!

विश्रामगृह म्हणजे दाट झाडींतल्या पांचसहा कौलारू खोल्या. रात्रभर कौलांवर पाऊस वाजत होता. सकाळीं उठून पाहतों तों समोरचा डोंगर धुक्यांत नाहींसा झालेला. अंगावर तें जॅकेट आणि डोक्यावर शिरस्त्राण चढवून मी नदीकांठीं उभा राहिलों, तेव्हां एखाद्या ऐतिहासिक नाटकांतल्या तिसऱ्या शिपायासारखा दिसत असलों पाहिजे. पण निघण्याचें चिन्ह दिसेना. नदींतले धोंडे उघडे पडलेले, तराफे वाळूवर टेकलेले, आणि आम्ही सारे पावसांत ताटकळत उभे.

"एवढा पाऊस पडतो आहे, मग थांबायचें कशासाठीं?" मीं तराफ्यावरच्या तरुणाला विचारलें.

"ह्या पावसावर नदी चालत नाय, काका. वरून पानी सुटलं पायजे."

"वरून म्हणजे?"

"भिऱ्याचं. मुळशीचं पानी."

मुळशी! हा शब्द त्या ठिकाणीं माझ्या कानीं पडेल असें मला स्वप्नांतहि वाटलें नव्हतें. वास्तविक मुळा ही पूर्ववाहिनी नदी. तिचें पाणी मुठेला मिळावें, पुढें भीमा आणि कृष्णा यांच्यांतून बंगालच्या उपसागराला जावें, हा तिचा स्वभावधर्म. पण मुळशीस धरण बांधून माणसानें तें पाणी पश्चिमेकडे वळविलें. सह्याद्रीच्या कड्यावरून तें नळांतून सुमारें ५०० मीटर खालीं कोसळतें, भिऱ्यास १९२७ मध्यें सुरू झालेल्या केंद्रांत वीज निर्माण करतें, आणि मग कुंडलिकेच्या पात्रांतून रेवदंड्याच्या बाजूला अरबी समुद्रास मिळतें. याच धरणाविरुद्ध मावळांतले शेतकरी १९२१ पासून १९२४ पर्यंत झगडले, आणि त्यांचें नेतृत्व करणाऱ्या पांडुरंग महादेव बापटांना लोक तेव्हांपासून 'सेनापति' म्हणूं लागले. हें सारें मीं पुस्तकांत वाचलेलें होतें. पण त्याच्याहि पूर्वीं तें मीं आजीच्या तोंडून ऐकलें होतें.

माझी आजी त्या बुडालेल्या खोऱ्यांतली. गांव सुटलें तेव्हां ती सात वर्षांची होती. निघायच्या दिवशीं पहांटे तिच्या आईनें सारें घर स्वच्छ सारवून घेतलें. गाडी जुंपलेली, सामान चढलेलें, आणि ही बाई शेण कालवीत बसलेली! "पाण्यांत जाणारी जमीन कशाला सारवतेस?" असें कोणीतरी विचारलें. तिनें हात थांबविला नाहीं.

पुढें आजी लग्न होऊन मुंबईस गिरगांवच्या चाळींत आली. तेथें उगाच जळणारा दिवा दिसला कीं ती उठून बंद करी. "तो आपल्या गांवचा दिवा आहे, फुकट जाळूं नका," असें म्हणे. आम्हां नातवंडांना ती चिक्कू वाटे. आम्ही तिच्यामागें तिची नक्कलहि करीत असूं.

तासाभरानें धोंडे एकेक करून दिसेनासे झाले. वाळूवरचे तराफे हलूं लागले. आम्ही बसलों, पाय आंतल्या फुगीर आडव्या नळीखालीं घट्ट रोवले, आणि पहिल्या खळाळानें मला असें कांहीं उचललें कीं माझ्या हातांतलें वल्हें आकाशाकडे वळलें. तोंडांत पाणी, डोळ्यांत पाऊस. वरचें कोणतें आणि खालचें कोणतें तें समजेना. त्यांतच मी मोठ्यानें हंसलों. किती वर्षांनीं असा हंसलों असेन कोण जाणे! आणि लगेच मनाला चटका बसला. ज्या पाण्यानें आजीचें अंगण गिळलें, त्याच्याच खांद्यावर बसून मी हंसत होतों.

तें हंसणें खोटें नव्हतें, आणि तो चटकाहि खोटा नव्हता. आजीनें दिवा फोडला नाहीं. त्याच दिव्याखालीं तिनें आम्हांला अभ्यासाला बसविलें. फक्त त्याची किंमत कोणी मोजली, हें तिला विसरूं द्यायचें नव्हतें. मीं मात्र तिला चिक्कू ठरवून मोकळा झालों.

पुढें प्रवाह संथ झाला, तेव्हां मीं मुलीला हें सारें सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. वल्हें मांडीवर ठेवून तिनें एक हात पाण्यांत सोडला, आणि बऱ्याच वेळानें विचारलें, "बाबा, गांवाचें नांव काय होतें?"

मीं तोंड उघडलें, आणि तें नांव मला आठवेना. आजी तें कितीदां तरी घेत असे. आतां ज्यांना विचारावें अशांपैकीं घरांत कोणी उरलेलें नाहीं.

संध्याकाळीं मी पुन्हा नदीवर गेलों. वरचें पाणी बंद झालें होतें. धोंडे पुन्हा उघडे पडले होते. पाऊस मात्र चाललाच होता.