कस्तुरीच्या हवेलीचे गाव : कारंजा

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड या गावी येणाऱ्या पाहुण्यांपैकी बहुतेक जण श्री नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून येतात. गुरुमंदिरात दर्शन घेतात, प्रसाद घेतात आणि पुढील गाडीने परततात. जैन यात्रेकरूंची घाई याहून वेगळी नसते. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांकडे जाताना वाटेत तासभर थांबावे, तीन मंदिरांचे दर्शन आटोपावे, की झाले कारंजे! वास्तविक हे गाव तासाभरात पाहण्याचे नाही. मुक्काम करणाऱ्यालाच ते उलगडत जाते.

गावाला जुना तट होता आणि चार वेशी होत्या. दिल्ली वेस, दारव्हा वेस, पोहा वेस आणि मंगरूळ वेस ही नावे आजही पत्ता सांगताना वापरली जातात. वऱ्हाडातील एका गावाच्या वेशीला दिल्लीचे नाव असावे, यातच येथील व्यापाराची व्याप्ती कळते. 1670 मध्ये सुरतेच्या दुसऱ्या स्वारीनंतर शिवाजी महाराजांचे सैन्य कारंज्यावर आले. येथून मिळालेली संपत्ती वाहून नेण्यास चार हजार बैल आणि गाढवे लागल्याची नोंद इतिहासकारांनी केली आहे. लेकुर संघई यांची आख्यायिका तर घरोघरी सांगितली जाते. कस्तुरी घेऊन आलेल्या व्यापाऱ्यांना कोठेच गिऱ्हाईक मिळेना. संघईंनी सारा माल एकरकमी विकत घेतला आणि आपल्या नव्या हवेलीच्या चुन्यात कालवून टाकला. म्हणून ती ‘कस्तुरीची हवेली’! इतका नफ्यातोट्याचा विचार सोडलेला व्यवहार कोणत्याही खातेवहीत बसणार नाही. पण त्या काळचे कारंजे स्वतःकडे कोणत्या नजरेने पाहत होते, हे त्यातून नेमके समजते.

खरी संपत्ती मात्र हवेलीत नव्हती. बलात्कारगण, सेनगण आणि काष्ठासंघ या तिन्ही भट्टारक-परंपरांची मंदिरे एकाच गावात असणे ही दुर्मिळ गोष्ट आहे. काष्ठासंघ मंदिरातील लाकडी कोरीवकाम पाहून अनेकांचा असा समज होतो की संघाचे नाव या लाकडावरून पडले. तसे नाही, संघाचे नाव त्या कोरीवकामाहून कितीतरी जुने आहे. परंतु खांब, तुळया आणि त्यांवरील नक्षी पाहण्यासाठी सकाळचा एक निवांत तास काढावाच. अभिषेक आटोपलेला असतो, गर्दी ओसरलेली असते, आणि कारागिराच्या हाताची फिरत तिरप्या उन्हात स्पष्ट दिसते.

या मंदिरांच्या शास्त्रभांडारांत भट्टारकांनी आणि श्रावकांनी पिढ्यान् पिढ्या हस्तलिखिते जतन केली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ती विद्वानांच्या नजरेस आली. मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची रायबहादूर हिरालाल यांची सूची 1926 मध्ये प्रसिद्ध झाली आणि कारंज्याच्या पोथ्यांची कीर्ती दूरवर पसरली. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृत शिकविणारे प्रा. हिरालाल जैन यांनी या पोथ्यांना आयुष्याची अनेक वर्षे वाहिली. ‘कारंजा जैन ग्रंथमाले’तून दहाव्या शतकातील महाकवी पुष्पदंतांचे ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांच्या संपादनाने 1931 मध्ये निघाले. पाठोपाठ 1933 मध्ये ‘णायकुमारचरिउ’ आणि 1934 मध्ये कनकामर मुनींचे ‘करकंडचरिउ’ आले. अपभ्रंश भाषेचा अभ्यास करणाऱ्यास कारंज्याचे नाव टाळता येत नाही, ते यामुळे. राजवाड्यात किंवा विद्यापीठात नव्हे, तर कापसाच्या बाजारपेठेत राहणाऱ्या सामान्य श्रावकांच्या देखरेखीखाली हे ग्रंथ टिकले. दरवर्षी बासने सोडायची, पोथ्यांना हवा द्यायची, वाळवी पाहायची आणि नव्या वेष्टनात पुन्हा बांधायची, एवढेच ते काम. ते गावात राहणाऱ्यालाच करता येते.

शिक्षणाच्या बाबतीतही गावाने मोठे पाऊल उचलले. ब्रह्मचारी देवचंदजी, म्हणजेच पुढील काळातील समंतभद्र महाराज, यांनी 1918 मध्ये येथे श्री महावीर ब्रह्मचर्याश्रम हे गुरुकुल सुरू केले. कुंभोजजवळील बाहुबलीचे गुरुकुल त्यानंतर, 1934 मध्ये उभे राहिले. दक्षिण महाराष्ट्रातील कित्येक घरांना बाहुबली ठाऊक असते, कारंजा नसते. त्यांनी एकदा तरी हे आधीचे गुरुकुल पाहावे.

राहण्याच्या दृष्टीने कारंजा कसे? मंदिर, बाजार, डॉक्टर, बँक, सारे पायी चालण्याच्या अंतरात. दुपारी घरी जेवता येते, सूर्यास्तापूर्वीचे भोजन घड्याळाशी झगडा न करता होते, आणि मुनिसंघ आला की आहारदानाचे भाग्य दारात येते. शहरातील श्रावकास यासाठी किती धडपड करावी लागते, हे त्याचे त्यालाच ठाऊक. वऱ्हाडातील जुन्या घरांच्या जाड मातीच्या भिंती उन्हाळा बऱ्याच अंशी बाहेर ठेवतात. तरी मे महिना सोसणे सोपे नाही. मोठे दुखणे आले तर अमरावती किंवा अकोला गाठावे लागते. मुले पुण्याला शिकतात आणि तेथेच स्थिरावतात. मागे आई-वडील, मोठा वाडा आणि खोल्यांना लावलेली कुलपे उरतात. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरील ‘शकुंतला’ ही छोटी गाडी कारंज्यावरून जात असे, ती थांबली. आता समृद्धी महामार्ग जवळून जातो आणि नागपूर दोन-अडीच तासांवर आले आहे. ज्यांची घरे बंद आहेत, त्यांना निवृत्तीनंतर वर्षातील चार महिने तरी येथे राहणे आता अवघड नाही. चातुर्मासाचे चार महिने राहिले तरी मंदिरातील नित्यपूजेला आणि स्वाध्यायाला माणसे मिळतील.

निव्वळ पर्यटनासाठी थंडीचे दिवस उत्तम. गावाजवळच्या कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीटही दिसतात. परंतु ज्यांना पोथ्यांविषयी जिव्हाळा आहे, त्यांनी उन्हाची तमा न बाळगता ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीच्या दिवशी यावे. आदल्या दिवशीच मुक्कामाला यावे, आणि मंदिरात विचारून बासने बांधण्याच्या कामाला हात लावावा.